रिकामा फेरा

गाड्यांच्या कारखान्यातल्या पेंट शॉपमध्ये अप्रेंटिसला रंग फवारायची गन धरायला शिकवतात ते नंतर, आधी शिकवतात केस धुवायला. डोक्याला तेल आणि अंगाला क्रीम चोपडून आलेला माणूस ओल्या रंगाजवळ नुसता उभा राहिला तरी रंगात बारीक खड्डे पडतात, आणि मग अख्खी गाडी घासून पुन्हा रंगवायची. धाकटीला हे कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या बाबांनी उभी हयात त्याच शॉपमध्ये रंग मारला होता. घरात डोक्याच्या तेलाची बाटली कधी आलीच नाही.

घरची धाकटी ती कामावरही धाकटीच राहिली, कारण बाबांना ओळखणारी माणसं तिथं अजून होती. सुपरवायझरला सगळे मामा म्हणत. मामा बाबांच्याच हाताखाली तयार झालेले. पहिल्याच आठवड्यात धाकटीनं चाचणीच्या पत्र्यावर एक पट्टा ओढला आणि मामांनी तोंडात बोटं घातली. "बापाचं मनगट उचलून आणलंस की गं!"

या कौतुकानं तिनं हरखून जायला हवं होतं. तिनं ते मनगट पाठीमागं लपवलं.

रंगाच्या बंद बूथमध्ये आता माणसं रंगवत नसत; हातानं होई ती फक्त डागडुजी. काचेपलीकडे रोबोट रंगवायचा. तो नवा आला तेव्हा इंजिनियरांनी कॉम्प्युटरवरून त्याला नाना तऱ्हांनी शिकवून पाहिलं, पण दारांच्या कडांना रंग ओघळायचा तो ओघळायचाच. शेवटी त्यांनी हात टेकले आणि बाबांना बोलावलं. रोबोटच्या टोकाला एक जड मूठ बसवायची, ती दोन्ही हातांनी धरून आपण गाडी रंगवायची. रोबोट ती हालचाल साठवून घेतो आणि पुढं जन्मभर तशीच करतो. बाबांनी जीव ओतून शिकवलं. त्यानंतर त्यांच्या हातांतून आधी सही गेली, मग शर्टाची बटणं, मग चमचा. डॉक्टरांना शिरा ठीक दिसल्या, हाडं ठीक दिसली. विश्रांती घ्या, म्हणाले. बाबा तेव्हापासून खिडकीशी बसून विश्रांतीच घेत होते.

आणि तो रोबोट एक जादा हालचाल करायचा. छत रंगवून झालं, गन बंद झाली, की जागेवर परतण्याआधी तो खाली वाकायचा, लहान मुलीच्या मानेइतक्या उंचीवर थांबायचा आणि मनगटाची मागची बाजू हवेतून अलगद खाली न्यायचा. इंजिनियरांनी तेवढा तुकडा कितीदा पुसला; दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. शॉपमध्ये त्याला रिकामा फेरा म्हणत. "म्हातारा सलाम ठोकतोय," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे.

धाकटीला हसू आलं नाही. लहानपणी तिची वेणी घालून झाली की बाबा मानेवरून असाच उलटा हात फिरवत. त्यांचे हात लुळे पडले तेव्हा तिनं केस कापून टाकले होते.

अप्रेंटिसशिप संपत आली तसं मामांनी तिला बाजूला घेतलं.

"निळ्या मॉडेलसाठी दुसरा रोबोट आलाय. कडा जमत नाहीयेत त्याला. तू शिकव."

"मामा, बाबांचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय."

मामा हातमोज्याची बोटं एकेक करून ओढत राहिले. "तुझ्या बॅचमधलं कुणालाच कायम करणार नाहीत. तुला करतील, मी शब्द घेतलाय. नाहीतर सांग, दुसऱ्या कुणाला विचारतो."

घरी ती बाबांना भरवायला बसली. त्यांना गिळायला वेळ लागे. ती चमचा ओठांशी धरून थांबे, आणि घास उतरला की ओठाच्या कोपऱ्याला लागलेलं शीत चमच्याच्या कडेनं टिपून घेई. जेवण भरवता भरवता तिनं सगळं सांगितलं.

"नको शिकवूस," बाबा म्हणाले.

"मग काय करायचं?" शिवणयंत्रावरून आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्या एकटीच्या शिवणावर तिघांचं कसं निभायचं, तेही सांगा."

तोंडातला घास सावकाश उतरला. मग बाबा म्हणाले, "शिकवलंसच तर रंगवताना घरातलं काही मनात आणू नकोस. मी आणलं होतं."

"काय आणलं होतंत?"

बाबांनी तिच्या आखूड केसांकडे पाहिलं आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

नव्या रोबोटची मूठ तिनं धरली तेव्हा ती गार होती. पहिलं दार होईतो ती अंगासारखी ऊन झाली. धाकटी फक्त रंगाचा विचार करत राहिली. कड, अंतर, वेग. बॉनेट झालं, दारं झाली. मन भरकटू लागलं की ती दात आवळून धरी. आपण या यंत्राला फसवतोय, असं वाटून तिला थोडा धीरही आला. छताचा शेवटचा पट्टा संपतच होता तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला.

बाबा आपल्यासाठी जेवायचे थांबले असतील, एवढंच तिच्या मनात आलं.

तिनं चटका बसल्यासारखी मूठ सोडली. पण गन बंद झाली होती आणि साठवल्याचा हिरवा दिवा लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला सगळे काचेशी जमले. निळी गाडी आत गेली. रंग कुठं ओघळला नाही, कुठं खड्डा नाही. मामांनी तिची पाठ थोपटली. "झालीस कायम!"

छत झालं. गन बंद झाली.

रोबोट खाली गेला, काहीतरी उचलल्यासारखा वर आला आणि बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर थांबला.

थांबूनच राहिला.

मग त्याचं टोक किंचित कललं आणि हवेतला एक कोपरा टिपून घेतला.

"बाप सलाम ठोकतो," मागून कुणीतरी म्हणालं, "आणि पोरगी काय करतेय?" हशा पिकला. आत पुढची गाडी आली होती.

पाळी सुटल्यावर धाकटी धावतच घरी आली. वाटी घेऊन बाबांपुढं बसली आणि चमच्याला हात घातला. बोटं मिटली नाहीत. चमचा वाटीत तसाच आडवा राहिला. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं.

"राहू दे," आई म्हणाली. ती बाबांशेजारी ओलं फडकं घेऊन उभी होती. "सकाळपासून काही घेतच नाहीयेत. पोट भरलंय म्हणतात, धाकटीनं भरवलं म्हणतात. आणि हे बघ ना, कशाचा डाग आहे, किती घासला तरी निघत नाही."

बाबांच्या ओठाच्या कोपऱ्याला निळा ठिपका होता.

कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली होती. बाबांनी खिडकीकडे बघत तोंड उघडलं, थोडं थांबले, आणि गिळलं. मग पुन्हा तोंड उघडलं.