अडीचशेत काय मावतं

बर्फाच्या ट्रेमध्ये मांडून ठेवलेले बारीक स्क्रू.

काड्या मोडलेली छत्री.

गाडी धुताना हसणारा एक माणूस. तो आता नाही.

दूरच्या शहरातली नोकरी, पुढच्या महिन्यापासून.

हे सगळं एका टेबलावर आलं, ते असं.

ती इमारतींचे नकाशे काढायची. मोडकी छत्री घेऊन पावसातून दुरुस्तीच्या दुकानात शिरली, छत्री टेबलावर टाकली आणि कोटाच्या आत जपलेला लॅपटॉप तिने पुढे ठेवला. तो सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. नव्या ऑफिसात हे चाललं नसतं. दुरुस्ती करणाऱ्याने कान लावून ऐकलं. आत जुनी डिस्क कुरकुरत फिरत होती. तेवढ्याच पैशांत दोनपैकी एक डिस्क मिळेल, तो म्हणाला. हजार जीबीची मोठी, पण अशीच रेंगाळणारी. नाहीतर अडीचशेची, चपळ.

"लहान घेतली तर... बाकीचं?"

"निवडावं लागेल."

मग निवडायला ती रोज दुपारी येऊ लागली. तो एकेक फोल्डर उघडायचा. तिने मान हलवली की कॉपी करायचा. बहुतेक फोटो एकाच माणसाचे. लग्न ठरलं होतं, साध्या तापाचं निमित्त झालं, एवढंच तिने सांगितलं. त्याने पुढे विचारलं नाही.

काउंटरवरून त्याची वहिनी म्हणाली, "भाऊजी, लॅपटॉप दुरुस्त करताय की दत्तक घेतलाय?"

तो कानापर्यंत लाल झाला. ती हसली — आणि आपण हसलो हे लक्षात येताच खिडकीबाहेर बघत बसली. काचेवरून पाणी ओघळत होतं.

माउसवर दोघांचा हात एकदम पडला. त्याने काढून घेतला. तिने... जरा उशिरा.

"हा ठेवू?" त्याने विचारलं. गाडी धुतानाचा फोटो.

"तुम्ही सांगा."

"मी काय सांगणार... छान दिसतात यात ते."

तिने मान हलवली. त्याने कॉपी केला.

शेवटच्या दुपारी लॅपटॉप बटण दाबताच उजळला. तिला आनंद झालेला दिसला नाही. त्याच्या हातात काढलेली जुनी डिस्क होती.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "दोन्ही बसल्या असत्या. सीडी ड्राइव्ह काढून त्या खणात जुनी, आत नवी. निवडायची गरजच नव्हती. मी बोललो नाही, कारण... तुमचं येणं थांबलं असतं. आत्ता बसवून देतो."

तिने लॅपटॉप मिटला.

"नको. तुमच्याकडेच राहू दे."

"कधीपर्यंत?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण टाकू नका."

संध्याकाळच्या बसने ती गेली. त्याने डिस्क मऊ कापडात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली, आणि पुढचं मशीन उघडलं.

सीडीच्या खणात दुसरी डिस्क बसते, हे तिच्या भावाने तिला दुकानात पहिल्यांदा येण्याआधीच फोनवर सांगितलं होतं.