समोरची सीट

अंधारच आहे तर लाईन येईपर्यंत सांगतो, पण मधात कोणी हसायचं नाही. विहंग, तुलेच म्हणून राहिलो. ही ऐकीव गोष्ट नाही. हापिसात बावीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या विश्वनाथ मडावीसोबत झालेली आहे.

सतरा डिसेंबर, दोन हजार बावीस. शनिवार. रात्री नऊले जेवण करून विश्वनाथ नागपूरहून निघाला, देवलापारकडच्या आपल्या गावाले. गाडीत एकटाच. काम साधं होतं. उजाडता बापाच्या नावाचा दगड उभा करायचा.

ते गोंड लोक. त्यांच्या गावात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. थोरल्या पोरानं त्याले हात लावून चारचौघांसमोर म्हणायचं, "हा माहा बाप." तोपर्यंत गेलेला माणूस वाडवडिलांत मिळत नाही, वाटेवरच राहते, असं मानतात. विश्वनाथचा बाप झिंगरूबाबा त्या गावचा भूमक. देवाधर्माचं सारं तोच पाहे, सात पिढ्यांची नावं त्याले तोंडपाठ. दुसऱ्यांचे दगड त्यानं जन्मभर उभे केले. त्याचा स्वतःचा मात्र तीन महिन्यांपासून आडवा पडून होता.

काहून? तर विश्वनाथनं हापिसात सांगून ठेवलं होतं की बाप हेडमास्तर होते, कधीचेच वारले. आता मेलेल्या बापाच्या मरणाची सुट्टी मागावी कशी? तो मातीलेही गेला नाही.

अन् यात मीही आहे. त्याच्या घराच्या वास्तूले आम्ही सारे जेवाले गेलो होतो. फाटकाशी एक म्हातारा उभा. गुडघ्याएवढं धोतर, हातात तांदळाची पिशवी. मी विचारलं, "हे कोण गा, विश्वनाथ?"

"गावाकडचा माणूस होय. झाडांचं पाहते."

म्हाताऱ्यानं ऐकलं. पिशवी भिंतीशी ठेवली अन् खाली बसून गुलाबाच्या बुडातलं गवत उपटाले लागला. पोराची लाज राखली त्यानं. अन् मी काय केलं? म्हणालो, "ए बाबा, हात धू अन् सगळ्याले पाणी आण बरं." त्यानं आणलं. दोन्ही हातांनी ग्लास दिला मले. तो बाप होता हे मले फार उशिरा समजलं. अजूनही स्वतःच्या तोंडाची शरम वाटते.

असो. त्या रात्री मनसरच्या पुढं विश्वनाथ चहाले थांबला. टपरीवाल्या प्रेमिलाबाईनं गाडीच्या खिडकीत दोन कप धरले.

"एकच पाहिजे," विश्वनाथ म्हणाला.

"अन् मागं बसून राहिले त्या बाबाजीले?"

त्यानं वळून पाहिलं. मागची सीट रिकामी.

"कोणी नाही," तो म्हणाला. बाई त्याच्याकडं पाहतच राहिली. तिनं दुसरा कप हळूच माघारी नेला.

पुढं जंगल लागलं. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. मागून कोणीतरी घसा साफ केला. एकदाच. विश्वनाथनं हात वर केला अन् आरसा खाली वळवून टाकला. पाहायची हिंमत नव्हती... अन् गाडी थांबवायचीही.

अकरा वीसले वनखात्याचा नाका आला. गार्डनं टॉर्च मारला. आधी विश्वनाथच्या तोंडावर. मग मागं. उजेड तिथंच थांबला.

"मागं कोण होय?"

विश्वनाथनं समोरच्या आडव्या दांड्यावर नजर ठेवली.

"साहेब, कोण होय हे?"

"गावाकडचा..." इतकं तोंडातून निघालं. पुढचा शब्द निघेना. मागून काहीच आवाज नाही. म्हातारा जसा वाट पाहून राहिला होता...

"माहा बाप होय," विश्वनाथ म्हणाला.

"मग बापाले मागं काहून बसवलं गा? समोर घ्या." गार्ड दांडा उचलाले गेला.

मागचं दार उघडलं. लागलं.

समोरचं दार उघडलं.

लागलं.

टुंग... टुंग... टुंग...

सीटवर माणूस बसला अन् पट्टा लावला नाही की गाडी वाजते ना, तसं. पुढचे नऊ किलोमीटर वाजतच होतं. शेवटी विश्वनाथनं डावा हात लांबवला. पट्टा ओढला. रिकाम्या सीटवरून घेतला... लावला. तेव्हा कुठं आवाज थांबला.

सकाळी त्यानं दगडाले हात लावला. साऱ्या गावासमोर बापाचं नाव घेतलं अन् लेकरासारखा रडला.

संक्रांतीनंतर त्यानं मले हे सांगितलं, त्याच गाडीपाशी उभं राहून. मी हसलो. समोर बसाले दार उघडलं, तर पट्टा आधीच लावलेला.

"तू मागं बस गा," विश्वनाथ म्हणाला. "गॅरेजवाल्याले दोनदा दाखवली. काही बिघाड नाही म्हणते."

मी मागं बसलो. गाडी निघाली. मले राहवलं नाही. पुढं वाकून पट्ट्याचा खटका दाबला.

टुंग... टुंग... टुंग...

सीटवर कोणी नव्हतं. विश्वनाथ रस्त्याकडं पाहत राहिला. माझे कान तापले. पट्टा हातात धरून मी त्या रिकाम्या सीटले म्हणालो, "बाबाजी, मले माफ करा. त्या दिवशी पाणी मी आणाले पाहिजे होतं."

आवाज थांबला.

पट्टा माझ्या हातातच होता.