गुलाबी पिन

पटो वा न पटो, घडलं ते हे असं. यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. ज्याच्यावर बेतलं तो मुझम्मिल आजही सौदीतल्या यान्बूच्या एका प्लांटवर पाइप फिटर आहे.

आणि रात्रबित्र काही नव्हती. शुक्रवार, भर दुपारचे दीड. बाहेर डोळे उघडवत नाहीत असं ऊन.

त्या दिवशी मुझम्मिलचा निकाह होता. नवरी अफशाँ रत्नागिरीत, नवरा तिकडे कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत. कंपनीने सुट्टी नाकारली होती आणि मुलीचे अब्बा आणखी वर्षभर थांबायला तयार नव्हते. म्हणून निकाह कॉम्प्युटरवरून.

काझींची अट एकच. मुलाचा आवाज दोन्ही गवाहांना स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

कॉम्प्युटर खोलीतलाच. आधी राहणारा कुणी तरी मागे ठेवून गेलेला. तो गेला कुठे, हे कॅम्पमध्ये कुणी धड सांगत नसे.

कॉल लागला. पडद्यावर मांडव, फुलं, गर्दी दिसली.

पण आवाज... अजिबात नाही.

मुझम्मिलने सेटिंग उघडलं. स्पीकर बरोबर. माइक बरोबर. म्यूटही नाही. तिकडे काझींचे ओठ हलताहेत आणि इकडे चिडीचूप!

"इमाद!" त्याने हाक मारली. इमाद त्याचा हैदराबादी रूममेट, एक नंबरचा खोडकर. पण तो मेसमधून बिर्याणी आणायला गेला होता.

ऐन वेळी बरा गायब झाला हा, मुझम्मिलला वाटलं.

तो टेबलाखाली शिरला. माइकची गुलाबी पिन स्पीकरच्या हिरव्या भोकात, स्पीकरची हिरवी पिन गुलाबी भोकात! सकाळी आपणच घोटाळा केला, की इमादने मुद्दाम केलं? विचार करायला वेळ नव्हता. त्याने दोन्ही पिना उपटल्या.

तेवढ्यात डोक्यावर खुर्ची करकरली...

पिना आपापल्या रंगाच्या भोकात खोचून तो धडपडत बाहेर आला.

खुर्ची रिकामी.

पडद्यावर मात्र सगळ्यांचे हात दुआसाठी उठले होते. आता आवाज येत होता. कुणी तरी हुंदके देत होतं.

"मुबारक हो बेटा!" अफशाँचे अब्बा म्हणाले. "तिन्ही वेळा 'कबूल है' साफ ऐकू आलं. मान खाली घालून बसला होतास, बघून बरं वाटलं."

मुझम्मिल तर तेव्हा टेबलाखाली होता.

खरं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण समोर सह्या होत होत्या, खजूर वाटले जात होते, अफशाँची अम्मी डोळे पुसत होती. तो नुसता हसला.

पडद्याच्या कोपऱ्यात माइकमध्ये जाणारा आवाज दाखवणारी हिरवी पट्टी सावकाश वर-खाली होत होती. कुणी श्वास घ्यावा तशी...

इमाद बिर्याणी घेऊन आला, तर याने त्याची कॉलरच धरली. "तू बोला क्या, पीछे से?"

"पागल हुआ क्या? आधे घंटे से लाइन में खड़ा था मैं!"

मेसवाल्यानेही तेच सांगितलं.

मुझम्मिलने त्याच दिवशी कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या, सगळं कपाटात कोंबलं आणि कुलूप लावलं. घरी गेलो की काझींसमोर स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणेन, अशी मनाची समजूत घातली.

महिन्याभराने, एका संध्याकाळी तो अफशाँशी फोनवर बोलत होता.

"फोनवर तुमचा आवाज असा राठ का येतो हो?" ती म्हणाली. "दुपारी कॉम्प्युटरवर बोलता, तेव्हा किती मऊ असतो."

दुपारी...

दुपारी तो प्लांटवर असतो. खोलीला टाळं असतं.

"काय बोलतो मी?" त्याने जपून विचारलं.

ती हसली. "रोज तीच मस्करी. 'मुझम्मिल कधी येणार?' म्हणून विचारता. आणि तारीख सांगितली नाही की रुसता."

आता सुट्टी मंजूर झाली आहे. तिकीट खिशात आहे.

तारीख त्याने अजून अफशाँला सांगितलेली नाही. मीही विचारली नाही.