टेपचे हरवलेले दोन फूट

"मॅडम, पेटीला कोट शिवायचा का?"

टेप धरून वाकले होते, तशीच मी मान वर केली. समोरच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस उभा होता. गळ्यात कापडी टेप, बोटांना खडू लागलेला, आणि चेहऱ्यावर न आवरलेलं हसू.

"नगरपंचायतीतून आलेय," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हटलं. "ही कपड्यांची दानपेटी तुमची?"

"पेटी गावाची. जबाबदारी माझी. संघपाल नाव माझं... टेलर हाय मी."

गावात कुणीही कुठंही दानपेट्या ठेवायला लागलं, म्हणून नवे नियम आले होते. पेटी रस्त्याच्या कडेपासून दहा फूट आत हवी, जागामालकाची लेखी संमती हवी, दर आठवड्याला ती रिकामी व्हायला हवी आणि जबाबदार माणसाचा चालू नंबर तिच्यावर हवा. मी कंत्राटी लिपिक. मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

त्यानं न सांगता टेपचं दुसरं टोक धरलं. धरता धरता सांगत होता, की पेटीतल्या कपड्यांना तो आधी बटणं लावतो, उसवलेलं शिवतो, आणि शनिवारी अंकुशनगरला ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांत नेऊन देतो.

"एवढं कशाला करता?" मी विचारलं.

"फाटकं कसं द्यायचं? घेणाऱ्याला बी आरसा असतो ना."

मी त्याच्याकडे बघत राहिले... आणि मग टेपकडे. दहा फूट एक इंच. "योग्य" असं लिहिलं. त्यानं टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पेटीवरचा नंबर चालू आहे का, हे एकदा तपासायचं होतं. एकदाच. मी ऑफिसच्या फोनवरून दर बुधवारी तपासायला लागले.

"नंबर चालू आहे ना?"

"बिलकुल चालू. मागच्या बुधवारी बी व्हता."

"नियम आहे."

"मंग नियम चांगलाय," तो म्हणायचा. मागे शिलाई मशीन थांबल्याचं मला ऐकू यायचं.

हसू नका. मी नंदाबाईंच्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं एकटी राहते. आई कुंभार पिंपळगावला होती तेव्हा रोज आठला तिचा फोन यायचा. एकच प्रश्न, "जेवलीस का?" मी वैतागायचे. गेल्या दिवाळीत आई गेली. आता माझ्या फोनवर येतात ते फक्त कंपन्यांचे मेसेज. तरी आठ वाजले की माझी नजर फोनकडे जाते, आणि कित्येकदा मी न जेवताच झोपते. ताट एकटीसाठी वाढायचा कंटाळा येतो, दुसरं काही नाही.

मग तक्रार आली. पेटीशेजारच्या रामप्रसादच्या चपलांच्या दुकानाचा बोर्ड पेटीमुळे झाकला जात होता. साहेब म्हणाले, "मोजमाप तुझंच ना? परत मोज."

मी टेप काढली आणि तिचं टोक हातात येताच आठवलं. ऑफिसच्या टेपचं पुढचं टोक केव्हाच तुटलेलं. ती सुरूच दोन फुटांपासून होते. मोजून झालं की दोन वजा करायचे, हे सगळ्या ऑफिसला पाठ आहे. मलाही. त्या दिवशी मात्र मी विसरले होते. म्हणजे पेटी आठ फुटांवर, आणि मागे भिंत. नियमात बसत नाही म्हणून सोमवारी ती गोदामात जाणार होती. तिच्याबरोबर माझा बुधवारही.

मी तडक त्याच्या दुकानात गेले.

"माझी चूक झाली. दोन फूट..."

"म्हाईत हाय," तो खाली बघून म्हणाला. "टेलर माणूस मी. दोन फूट मला दिसत न्हाईत का?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही नोटीस लावून गेल्या असत्या." तो थांबला. "न्हाई बोललो... तर कधी ना कधी परत मोजायला येताल, असं वाटलं."

"माझी नोकरी गेली असती!"

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. साहेबाला मी येऊन सांगतो."

"काही नको. गप्प बसा." मी निघाले. रागात होते, आणि रागाच्या खाली इतकी सुखात होते की रस्ता दिसेना. माझ्या परत येण्याची कुणीतरी वाट पाहत होतं!

घरी येऊन मी नंदाबाईंचं अंगण पावलांनी मोजलं.

"पेटी ठेव की," त्या म्हणाल्या. "पण दर आठवड्याला उघडायला येणार कोण?"

"एक टेलर आहेत."

"अस्सं?" म्हणत त्यांनी संमतीपत्र न वाचताच सही केली.

सोमवारी मी साहेबांना स्वतःच सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली. दुपारी हातगाड्यावरून पेटी आमच्या अंगणात आली. संघपालनं आपली पाच फुटी कापडी टेप दोनदा टाकली, वर एक फूट मोजला.

"अकरा फूट. परत मोजू का?"

"तुमची टेप तरी धड आहे ना?"

तो हसला. खूप दिवसांनी त्या अंगणात मीही हसले. घराच्या आवारात पेटी असेल तर तिथं राहणाऱ्याचाही नंबर लागतो. मी रंगाचा ब्रश घेतला आणि त्याच्या नंबरखाली माझं नाव आणि नंबर लिहिला. तो रंग वाळेपर्यंत वाचत उभा राहिला. मग गेला.

संध्याकाळी आठला फोन वाजला.

"पेटीवरचा नंबर... चालू हाय का, बघून राह्यलो."

"आहे."

मग तो हलकेच म्हणाला, "अर्पिता... जेवल्या का?"

मी मांडणीतल्या ताटाकडे पाहिलं.

"नाही. अजून नाही."

"मंग वाढून घ्या," तो म्हणाला. "मी हाय फोनवर."

मी ताट घेतलं, फोन त्याच्या शेजारी ठेवला आणि जेवायला बसले.