वाघाची नोट

मखमलाबादच्या समाधानला दारूचा नाद नव्हता, पत्त्यांचा नव्हता, होता तो जुन्या नोटांचा. पहाटे झेंडूचे क्रेट एम-एटी गाडीला बांधून तो गणेशवाडीच्या फूलबाजारात जायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातून एखादी जुनी नोट आली, की त्याचा दिवस सोन्याचा व्हायचा. तिकडं नाशिकरोडच्या प्रेसमधून नव्या कोऱ्या नोटा बाहेर पडत होत्या आणि हा बाबा मोडीत निघालेल्या नोटांमागं धावत होता. गांधीजींच्या नोटा आल्यापासून तर अशोकस्तंभाच्या जुन्या नोटा डोळ्यांदेखत आटत चालल्या होत्या. त्याची घाई वाढली. हौसेला मोल नसतं, असं लोक म्हणायचे आणि हसायचे.

त्याच्या अल्बममध्ये एक पाच रुपयांची हरणांची नोट होती. गवतात माना घालून चरणारा कळप, आणि कडेला एक छोटं हरीण. त्याची लेक सुवर्णा त्या छोट्या हरणावर बोट ठेवून दरवेळी म्हणायची, "ही मी." समोरचा कप्पा मात्र रिकामा होता. तिथं त्याला दोन रुपयांची वाघाची नोट हवी होती.

ती त्याला मिळाली एका पहाटे, मळ्याच्या तिठ्यावर. कुणीतरी आजारी लेकरावरून उतारा काढून ठेवला होता. दहीभात, कुंकू, लिंबू, आणि लिंबाखाली वाघाची नोट. उतारा दिसला की आंधळासुद्धा वळसा घालतो. समाधाननं गाडी थांबवली. चोरी नको म्हणून खिशातली दहाची कोरी नोट त्यानं लिंबाखाली सरकवली आणि वाघाची उचलली.

"फुकट नाय घेतली कुणाची," तो स्वतःशीच पुटपुटला.

नोटेला हळदीचा वास होता. त्या वासाखाली आणखी एक वास होता, ओल्या जनावराचा.

संध्याकाळी त्यानं ती हरणांच्या समोर लावली. सुवर्णानं झटकन बोट मागं घेतलं.

"बाबा, ह्याला इथं नका ना ठेवू... तो बघतोय."

समाधान हसला. दुसऱ्या दिवशी पोर तापानं फणफणली. नाशिकच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, काहीच निघालं नाही, पण ताप उतरेना. त्याची बायको प्रतिभा पोरीच्या उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत राहिली. एकुलती एक पोर हातातून चाललीय, हे दोघांनाही दिसत होतं.

लोडशेडिंगच्या अंधारात, पोरीला जरा बरं वाटावं म्हणून समाधाननं मेणबत्तीजवळ अल्बम उघडला. कळपाचं चरणं थांबलं होतं. सगळ्या माना वर होत्या, समोरच्या पानाकडं वळलेल्या. कडेला नुसतंच गवत होतं. छोटं हरीण तिथं नव्हतं. आणि तो ओला वास खोलीभर पसरला होता.

तो ओसरीवर आला. चिमणाआत्याला, आपल्या बापाच्या थोरल्या बहिणीला, त्यानं सगळं सांगितलं.

"येड्या," आत्या हळूच म्हणाली, "नुसती उचलली असती तर दुखणं येऊन गेलं असतं. तू तर पैसे ठेवले... इकत घेतलं रं तू ते. आता ते तुझंच."

"आता...?"

"पोरीवरनं उतर अन् ठिवून ये तिठ्यावर. नोटेकडं बघू नको. मागं वळू नको."

फटफटताना पोरीवरून उतरलेलं नवं लिंबू खिशात अन् नोट मुठीत घेऊन तो निघाला. नोट गरम होती. तळव्याला काहीतरी ओलसर लागत होतं, हलत होतं. मूठ उघडून बघावी असं त्याला फार वाटलं. तिठ्यावरचा जुना उतारा दहाच्या नोटेसकट नाहीसा झाला होता. त्यानं डोळे मिटले, नोट नव्या लिंबाखाली ठेवली आणि मागं न बघता घर गाठलं.

दारात प्रतिभा रडत हसत उभी होती. "अहो, ताप उतरला! खायला मागतीय!"

समाधानला हुंदका आवरेना. त्यानं देवाला हात जोडले आणि धावत जाऊन अल्बम उघडला. छोट्या हरणाची जागा रिकामीच होती. कळपाच्या माना मात्र आता वाघाच्या कप्प्याकडं नव्हत्या. त्या नोटेबाहेर, सुवर्णाच्या खाटेकडं वळल्या होत्या.

तो अनवाणी तिठ्यावर पळाला. मूठ उघडायला हवी होती, वाघापाशी गवतात काय आहे ते बघायला हवं होतं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. लिंबू जागेवर होतं. वाघाची नोट नव्हती. लिंबाखाली कुणीतरी दहाची कोरी नोट ठेवून गेलं होतं.

तो परत आला तेव्हा सुवर्णा खाटेवर बसली होती, ताटात तोंड घालून. हात मांडीवर तसेच पडलेले.

"सुवर्णा..."

तिनं मान वर केली. चावणं थांबवलं. बापाकडं तिनं पाहिलंच नाही. मोठे, ओले डोळे दाराकडं लावून ती कानोसा घेत राहिली.

"लय भूक लागलीय हो तिला," प्रतिभा पदरानं डोळे पुसत म्हणाली. "निवडायला ठेवलेली मेथी, सगळी कच्चीच खाल्ली बघा."