खिळ्यावरची दोरी

माझ्या गॅरेजचं जॉबकार्ड मी स्वतः आखलं आहे. पिवळं, पोस्टकार्डाएवढं. पहिला रकाना: गाडी कशी आली. शेवटचा रकाना: गाडी कशी गेली. पहिल्या रकान्यात कधी 'चालत' असतं, कधी 'दोरीनं'. शेवटच्या रकान्यात एकोणीस वर्षांत एकच शब्द आहे. चालत.

उदगीरला देगलूर रोडवर कुणालाही विचारा. पंचफुलाच्या गॅरेजमधून गाडी दोरीनं जात नाही. ओढून आणलेल्या गाडीची दोरी मी सोडून घेते आणि आतल्या भिंतीवर खिळ्याला टांगते. इंजिन बोललं की दोरी आणणाऱ्याच्या हातात परत. वडलांची रीत. ते म्हणायचे, दोरी टांगली म्हणजे जबान दिली.

त्या जीपचं कार्ड मी रकान्यांच्या क्रमानं सांगते. क्रम शेवटी मोडतो. तो मी मोडलेला नाही.

गाडी कशी आली

दोरीनं. मे महिना, सकाळचे साडेदहा. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन वर्षं गोठ्यात उभी असलेली डिझेलची जीप. स्टेअरिंगवर अण्णाराव, ऐंशीच्या घरातले, पांढरा फेटा. ओढत आणलेल्या गाडीतही हातानं दाबायचा रबरी हॉर्न वाजवत आले. दोनदा तोकडा, एकदा लांब.

ट्रॅक्टरवर त्यांच्याच वाडीचा बालाजी होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलका. मागच्या गाड्यांना दिसावं म्हणून त्यानं दोरीच्या मधोमध कापड बांधलं होतं. जुन्या लुगड्याचा काठ. लाल, त्यावर पिवळी रेघ.

"कुणाचं फाडलंस रे?"

"आईचं, अक्का. मी झालो त्या दिवशी हेच नेसली हुती म्हनं. नेसत बी न्हाई, टाकत बी न्हाई. न विचारता फाडलंय. आज रातच्याला भाकरी मिळती का शिव्या, बघू."

"आन् झाला कसा, ते सांग की," अण्णाराव खाली उतरत म्हणाले. "ह्याच जीपमधून नेली म्या ह्याच्या आईला, विठाबाईला, दवाखान्यात. हे बघ, पोरी."

त्यांनी ड्रायव्हरकडचं दार उघडून आतला पत्रा दाखवला. खिळ्यानं ओढलेल्या रेघा, चार उभ्या अन् एक आडवी, असे गठ्ठे.

"एकशे चौदा बाया. वाडीतून उदगीरच्या दवाखान्यात. एकशे चौदाच्या एकशे चौदा पोचल्या. रस्त्यात एकदा, एकदाबी बंद पडली न्हाई."

"मग आता काय झालं?"

"आता दयानंद झालाय मोठा." दयानंद त्यांचा मुलगा, लातूरला नोकरीला. त्यानं भंगारवाला ठरवला होता. पाच वाजता तो इथंच येणार होता. "पाचपतुर बोलली तर ऱ्हाईल, म्हनलाय. न्हाई बोलली तर कापतेत तिला."

मी दोरी सोडली आणि खिळ्याला टांगली. बालाजीनं ते बघितलं. त्याला रीत माहीत होती.

"टांगली, अण्णा," तो म्हणाला. "आता निजा बिनघोर."

तक्रार

चालू होत नाही.

तपासणी

एक. बॅटरी. जुनी मेलेली. माझी नवी लावली.

दोन. डिझेल. टाकी धुतली, फिल्टर बदलला, हातपंपानं लाइनीतली हवा काढली.

तीन. इंजिन जाम आहे का? पंख्याला धरून हातानं फिरवलं. फिरलं.

चार. चावी फिरवून सेल्फ मारला.

चालू गाडीला चुकून परत सेल्फ मारला की कसा आवाज येतो, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. फिरत्या चाकावर दात घासल्याचा. अंगावर काटा येतो आणि आपण चावी पटकन सोडतो. तोच आवाज आला. मी चावी सोडली.

सेल्फ उतरवला. दात तपासले, सगळे शाबूत. जमिनीवर ठेवून थेट करंट दिला, झकास फिरला. परत बसवला, चावी फिरवली. परत दात घासले.

बॉनेट उघडंच होतं. पंखा थांबलेला. पट्टा थांबलेला.

पाच. चहा. हे तपासणीत लिहायचं नसतं, पण मी लिहिलं आहे. बालाजीनं चहाचा ग्लास मडगार्डवर ठेवला होता. चहावर बारीक तरंग उठत होते, कडेकडून मधे. मी ग्लास उचलून स्टुलावर ठेवला. चहा शांत. परत मडगार्डवर ठेवला. तरंग.

"रस्त्यानं ट्रक चाललाय," बालाजी म्हणाला.

रस्ता रिकामा होता. दुपारचे अडीच. अण्णाराव लिंबाखाली बाजेवर झोपले होते.

सहा. पेचकस. हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर, लाकडी मुठीचा, वडलांचा. टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला. आत काय चाललंय ते कळतं. नांदेडहून, भोकरहून लोक माझ्याकडे गाड्या आणतात ते या कानासाठी. कोणता नोझल थुंकतोय, कोणती बेअरिंग रडतेय, हे मी इंजिन न खोलता सांगते आणि खोलल्यावर तेच निघतं. अभिमान आहे मला या कानाचा. होता असं मी म्हणणार नाही.

थांबलेल्या इंजिनला कुणी पेचकस लावत नाही. मी लावला.

इंजिन चालू होतं.

तिसरा गिअर, चढ. दुसरा नोझल जरासा तडतडत होता, बाकी गाडी ठणठणीत. मागचं फाळकं खडखडत होतं. मग हॉर्न. दोनदा तोकडा, एकदा लांब.

मी पेचकस काढला. गॅरेजमध्ये माश्यांचा आवाज होता. परत लावला. चढ अजून संपला नव्हता. मागे कुणीतरी बाई कण्हत होती.

सात. बालाजीला पेचकस दिला. माझ्या कानाची खातरी दुसऱ्याकडून करून घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

त्यानं डोळे मिटून ऐकलं. आधी हसला.

"अक्का, चालू हाय की ही. मग आपन सकाळपासून काय चालू करायलोत?"

मग हसला नाही. बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"कुनीतरी म्हनायलंय, दम धर माय, फाटक आलंच."

रेल्वे फाटक. त्याच्या अलीकडे चढ आहे. पलीकडे दवाखाना.

केलेलं काम

पाचला दहा कमी. भंगारवाल्याचा टेम्पो येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, खिळ्यावरच्या दोरीकडे बघितलं आणि बिडी पेटवली.

मला ते बघणं लागलं.

चालू गाडीला सेल्फ लागत नाही. आधी ती बंद करावी लागते. एवढं तर शिकाऊ माणसालाही कळतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढले. जुन्या डिझेल गाडीला स्टॉपरची मूठ असते. ओढली की इंजिन बंद.

"अक्का," बॉनेटच्या पलीकडून बालाजी म्हणाला. तो मला दिसत नव्हता. "जरा थांबा. फाटक वलांडू द्या तिला."

"किती वेळ?"

"काय म्हाईत. पन बाई लई कण्हायलीय."

"पाच वाजतायत बालाजी. माझ्या दारातून दोरीनं गाडी गेलेली नाही."

"जाऊ द्या की एक."

मी स्टॉपर ओढला.

सीटखालून एक थरथर निघून गेली. थरथर होती, हे ती गेल्यावर कळलं.

"झाली का बंद, बालाजी?"

उत्तर आलं नाही.

मी चावी फिरवली.

पहिल्या सेल्फला जीप बोलली. काळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही. काय इंजिन होतं! टेम्पोवाल्यानं बिडी टाकली. लिंबाखाली अण्णाराव उठून बसले आणि त्यांनी फेटा नीट केला.

मी उतरून पुढे गेले.

पेचकस जमिनीवर पडला होता.

बाहेर चिंचेखाली बालाजीनं उभा केलेला ट्रॅक्टर नव्हता. चाकांच्या खुणाही नव्हत्या.

गाडी कशी गेली

चालत. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं. अण्णाराव जीपच्या दारावर थाप मारत होते.

"बोलली! म्हनलं न्हवतं का? एकशे तेरा बाया पोचवल्यात हिनं."

"एकशे चौदा," मी म्हणाले.

"तेरा. एक न्हाई पोचली. सांगितलं की तुला सकाळी. फाटकाच्या अलीकडं बंद पडली, आपोआप. चालूच हुईना. बाळ बी गेलं, बाई बी गेली." ते पत्र्यावरच्या रेघांकडे बघत होते. "बाई असताना तेवढी एकदाच. का पडली, ते आजवर कुन्या मिस्त्रीला घावलं न्हाई."

"अण्णा, तुम्हाला इथं ओढून कुणी आणलं?"

"ओढून?" त्यांना राग आला. "माझी जीप? आगं, चालवत आनली की म्या. तुझ्या दारात येऊन बंद पडली."

गाडी कशी आली

कार्ड माझ्या हातात होतं. पहिला रकाना माझ्याच अक्षरात, माझ्याच निळ्या शाईत. चालत.

अण्णाराव पाणी प्यायला आत आले आणि खिळ्यापाशी थांबले. लाल काठ त्यांनी दोन बोटांत धरला. पिवळ्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"हे तुझ्यापाशी कसं?" ते हळू म्हणाले. "विठाबाईच्या अंगावरचं हाय हे. तिच्यासंगं जळालं. म्या सोता हुतो तिथं."

पाणी न पिता ते गेले. जीप चालत गेली.

माझ्याकडे अजून नांदेडहून गाड्या येतात. शेवटच्या रकान्यात अजून एकच शब्द आहे. दोरी मात्र खिळ्यावरच आहे. आणणाऱ्याच्या हातात द्यायची असते, म्हणून.

काल दुपारी मी पेचकसाचं टोक त्या खिळ्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

कुणीतरी सेल्फ मारत होतं, मागे एक बाई कण्हत होती. थांबून थांबून, बॅटरी जपत. बॅटरी, डिझेल, हवा, सगळं ठीक असल्यासारखा आवाज. फक्त इंजिन पकडत नव्हतं.