पायाळूनं काही घ्यायचं नसतं

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात, भर कांद्या-बटाट्यांच्या ओळीत, मी एका माणसाच्या कमरेला पाय लावून उभी होते, तेव्हा शांतवननं मला पहिल्यांदा पाहिलं. मुलीनं पहिल्या भेटीत कसं दिसावं याबद्दल माझ्याही काही कल्पना होत्या... पण वाल्मिक टेम्पोवाल्याच्या पाठीत उसण भरली होती, आणि मी पायाळू.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. चर्चला जाणारेही आणि देवळात जाणारेही. अट एकच. पायाळूनं त्याबद्दल काही घ्यायचं नाही. घेतलं की गुण गेला.

"अहो, थांबा! मणका आहे तो!"

मी वळून पाहिलं. भुरभुर पावसात एक तरुण धावत येत होता. शर्ट कडक इस्त्रीचा, बूट चिखलात, आणि छातीशी जाहिरातीच्या कागदांचा गठ्ठा.

"तुम्ही कोण?"

"मी कायरोप्रॅक्टर. मणक्याचा डॉक्टर. श्रीगोंद्यात नवीन क्लिनिक—"

"डॉक्टर, जरा दम धरा," वाल्मिक वाकल्या वाकल्या म्हणाला. "तिचा पाय तर लागू द्या आदी."

मी तीनदा पाय लावला, पाय लागला म्हणून नमस्कार केला. वाल्मिक हळूच सरळ झाला, कंबर हलवून पाहिली. "गेली बघा!" म्हणाला आणि टेम्पोकडे निघाला.

"किती घेतले?" डॉक्टरनं विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे... फुकट?"

"फुकट."

त्यानं हातातल्या कागदांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "मग माझं कसं व्हायचं?"

इतक्या दुःखानं म्हणाला की मला हसू फुटलं. मग तोही हसला. जरा उशिरा, पण अगदी मनापासून.

त्यानंतर तो दर शनिवारी बाजारात यायला लागला. कागद वाटायला, असं म्हणायचा. कागद कमी वाटायचा आणि माझ्याशी वादच जास्त घालायचा.

"पाय लावण्याआधी एक विचारत जा," तो म्हणाला. "पायात मुंग्या येतात का? येत असतील तर तो माणूस माझा. नसतील तर तुमचा."

"वाटणी करताय?"

"पोटाचा प्रश्न आहे, बाई."

मी खरंच विचारायला लागले. तसे दोन-तीन त्याच्याकडे पाठवलेही. मग एकदा तो माझ्याकडेच निरखून बघत म्हणाला, "तुमची मान पुढे झुकते."

"बालवाडीत शिकवते. मुलं एवढीएवढीशी आहेत. वाकू नको तर काय करू?"

"माझ्याकडे बघताना तरी वर करा."

केली मी मान वर. आणि मग खाली घालायची विसरूनच गेले.

तुम्हीचं तू कधी झालं ते कळलं नाही. आईला मात्र सगळं कळलं. ती म्हणाली, "मुलगा गुणी दिसतो. जामखेडचा, आपल्याच चर्चचा. पगार किती?"

आईचा प्रश्न मी चहाच्या टपरीवर त्याच्यापुढे ठेवला, थट्टेतच. तो थट्टेवर नेईल असं वाटलं होतं. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"बावीस हजार," तो म्हणाला. "मालक पुण्याचे, मी नुसता पगारी. खोलीचं भाडं पाच, मेस साडेचार, पेट्रोल अडीच. आठ जामखेडला पाठवतो, वडिलांच्या औषधांना. राहतात दोन."

"माझे सात आहेत की."

"सातात काय होतं?"

"मेस बंद होईल. मी स्वयंपाक करते. खोली मात्र मोठी लागेल... आणि उद्या मूल झालं की—"

मी थांबले. कारण अजून त्यानं मला काही विचारलंच नव्हतं! माझे कान तापले. तो हसला नाही. टपरीच्या फळीवर माझा हात होता, त्याच्या शेजारी त्यानं आपला हात आणून ठेवला. दोन बोटांचं अंतर ठेवून.

"तू एकदा कुणाकडून तरी पैसे घे ना," तो हळूच म्हणाला. "तुझा गुण जाईल, माझं क्लिनिक चालेल. मग आपली मोठी खोली."

हे तो नेहमीच चेष्टेत म्हणायचा. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात यायचं... घ्यावेच. दहा रुपये घेतले तरी पुरे.

आणि तेव्हाच साळूबाई आली. दिवसभर कांद्याच्या गोण्या उचलणारी, कंबर धरून, भिंतीचा आधार घेत.

"पोरी, लई भरलीया गं. लाव बाई पाय."

तिची दिवसाची हजेरी तीनशे. क्लिनिकची फी पाचशे, आणि ती पुण्याहून ठरलेली. शांतवनला एक रुपया कमी करता येत नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. मी काही म्हणायच्या आतच तो म्हणाला, "मावशी, पायात मुंग्या येतात का?"

"न्हाई बाबा."

"मग मरिया, लाव."

त्या क्षणी मी त्याच्यावर जेवढं प्रेम केलं तेवढं कुणावर केलं नाही. त्यानंतर त्यानं तसली चेष्टा कधी केली नाही.

दिवाळी झाली आणि पुण्याच्या मालकांनी श्रीगोंद्याचं क्लिनिक बंद करायचं ठरवलं. शांतवनला आखातात नोकरी मिळाली. इथल्यापेक्षा पाचपट पगार.

"मग मी येते की!"

"एका खोलीत चौघांनी राहायचं. एकट्यानंच यायचं, असं त्यांनी कळवलंय. करार दोन वर्षांचा." तो जमिनीकडे बघत राहिला. "माझा मामेभाऊ दोनच वर्षांसाठी गेला होता, मरिया. नऊ वर्षं झाली. मी तुला थांब म्हणणार नाही."

निघायच्या दिवशी तो आमच्या दारात आला, तो वाकूनच. तपासायचं जड टेबल वाल्मिकच्या टेम्पोत चढवताना त्याच्या पाठीत भरली होती.

"तू तर मणक्याचा डॉक्टर," मी म्हणाले.

"स्वतःच्या पाठीला हात पुरत नाही गं."

"पायात मुंग्या येतात का?"

"नाही."

"मग माझा."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी चप्पल काढली. पहिल्यांदा पाय लावला, दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावला तो लवकर काढलाच नाही... शर्टातून त्याची ऊब येत होती आणि मला रडू आवरत नव्हतं. मी नमस्काराला वाकले, तर त्यानं वळून माझे हात मधेच धरले.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

"हो."

"मग मला काहीतरी दे."

तो बघतच राहिला. "तू तर घेत नाहीस."

"आज मागतेय. जाऊ नकोस. राहा."

त्याचे डोळे भरले होते. "माझं फार प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "पण राहिलो तर तुला ठेवू कुठं? आता तर ते बावीसही नाहीत."

बाहेर वाल्मिकनं हॉर्न वाजवला. शांतवननं माझे हात सोडले. टेम्पोपर्यंत तो ताठ चालत गेला, पाठ अगदी सरळ.

पुढच्या शनिवारी साळूबाई कंबर धरून आली.

"मावशी, माझा गुण गेला," मी म्हणाले. "मी मागितलं एकाकडं."

"काय मागितलंस गं?"

"त्यालाच."

तिनं कंबर आणखी घट्ट धरली. मग म्हणाली, "आता कुठं जाऊ मी? त्यो दवाखाना बी बंद हाय. लाव पोरी, बगू तर."

मी पाय लावला, तीनदा. साळूबाईनं श्वास घेतला, पदर खोचला आणि सरळ उभी राहिली.

"कोन म्हंतं गेला? हाय की गुन जागच्या जागी!"

ती आनंदानं कांद्याच्या गोण्यांकडे निघून गेली. मी तिथंच बसले. गुण मागितल्यानं जात नाही, घेतल्यानं जातो. आणि मला काही मिळालंच नव्हतं.